आमच्या चाली कागदावर कधी येणार?

१४ एप्रिल जवळ आला की वस्तीवस्तीत भीमगीते घुमू लागतात. गीत कोणाचे आणि गायक कोण, हे आमच्या बांधवांना तोंडपाठ असते. पण चाल कोणी बांधली, असे विचारले तर बहुतेक जण गप्प राहतात. ज्या चळवळीने जलशांतून बाबासाहेबांचा विचार खेड्यापाड्यांत पोहोचवला, तिचे संगीतकार निनावी राहावेत हा योगायोग नाही. त्याला जसा कायदा कारणीभूत आहे, तशीच विद्यापीठेही आहेत, आणि आपल्या समाजाची उदासीनताही आहे.

आधी कायदा पाहू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील मूळ व्याख्येप्रमाणे संगीतकृती म्हणजे छापलेले, लिहिलेले किंवा चिन्हांत उतरवलेले संगीत. म्हणजे ज्याला स्वरलेखन येते त्याचीच चाल ही कायद्याच्या लेखी चाल! ढोलकी, डिमडी, तुणतुण्यावर तोंडी बांधलेल्या चालींना तेथे थारा नव्हता. ही अट जायला १९९४ ची दुरुस्ती यावी लागली. चाल लिहिलेली असो वा नसो, ती बांधणारा संगीतकारच, असे तेव्हा कायद्यात आले. पुढे २०१२ च्या दुरुस्तीने रॉयल्टीतील गीतकार-संगीतकाराचा वाटा कंपनीला लिहून घेता येणार नाही, असे बंधन घातले. संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क वारसांकडे राहतो. परंतु हक्क सांगायचा तर कोर्टात पुरावा लागतो. चाल बांधणारा गेला, साथीदार गेले आणि कॅसेटवर नाव फक्त गायकाचे, तर वारसाने काय दाखवायचे?

आता विद्यापीठांकडे वळू. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) हे कायद्याचे पदवीधर, वकिलीही केलेले. त्यांनी घराण्यांच्या गायकांकडून बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिका' म्हणून छापल्या. १९२६ साली लखनौला संगीत महाविद्यालय उभे राहिले. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेली ती विद्या कागदावर आली आणि अभ्यासक्रम बनली. त्यांच्या कष्टांबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न एवढाच, की भीमराव कर्डकांच्या जलशाची स्वरलिपी कोणत्या विद्यापीठाने छापली? वामनदादा कर्डक १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडीत जन्मले, मोठेपणी अक्षरे शिकले आणि २००४ साली जाईपर्यंत महाराष्ट्रभर गात राहिले. त्यांच्या गीतांवर प्रबंध होतात, ते मराठी विभागात. संगीत विभागाला ते दिसत नाहीत. जे लिहिले गेले ते 'शास्त्रीय' ठरले, जे लिहिले गेले नाही ते 'लोक' म्हणून बाजूला पडले. ही वर्णव्यवस्थाच आहे, फक्त सुरांची!

म्हणून आमचे म्हणणे असे, की आमच्या मुलामुलींनी विद्यापीठात जाऊन संगीतरचना शिकावी. केवळ गायन नव्हे, रचना. त्यात स्वरलेखन येते, स्वरमेळ येतो, वाद्यमेळ बांधणे येते, ध्वनिमुद्रण येते. 'गाण्याने पोट भरते काय?' असे आईबाप विचारतील. त्या प्रश्नामागे इतिहास आहे. गावकीत आमच्या बापजाद्यांना दुसऱ्याच्या दारात वाजवावे लागत होते, ती वेठ होती. ती टाकली ते योग्यच केले. पण विद्यापीठात रचना शिकणे ही वेठ नव्हे. तेथे आमचा मुलगा हुकमाने वाजवत नाही, स्वतःच्या नावाने रचतो. या दोहोंतला फरक समाजाने ओळखला पाहिजे.

पोटाचा प्रश्नही आम्ही टाळत नाही. आमची कितीतरी गीते सिनेमाच्या चालींवर आहेत. प्रचाराला त्या चालींनी मोठी मदत केली, हे मान्य. पण आज तेच गीत यूट्यूबवर टाकले की चालीची मालक कंपनी हक्क सांगते आणि जाहिरातीचे उत्पन्न तिच्या खात्यात जाऊ शकते. शब्द आमचे, गळा आमचा, श्रोते आमचे आणि पैसा दुसऱ्याचा! स्वतःची चाल हाच यावर उपाय.

सरकारकडूनही आमच्या मागण्या आहेत. राज्यातील विद्यापीठांच्या संगीत विभागांत सत्यशोधक जलसा, आंबेडकरी जलसा आणि भीमगीते अभ्यासाला लावा. प्रवेशाच्या वेळी राग-तालाबरोबर हलगी-ढोलकीचे ज्ञानही मोजा. २०२२ साली केंद्राने राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा व इतिहास हे विषय वगळले. म्हणजे अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याने परदेशी विद्यापीठात जाऊन जलशाच्या संगीतावर संशोधन करायचे ठरवले, तर त्या शिष्यवृत्तीचे दार बंद! अशी बंधने काढलीच पाहिजेत.

पण सरकारची वाट पाहत बसू नये. ज्यांच्या कंठात जुन्या चाली आहेत ते शाहीर थकत चालले आहेत. प्रत्येक विहार समितीने येत्या वर्षात आपल्या भागातील एका तरी वृद्ध गायकाच्या चाली मुद्रित कराव्यात, चाल बांधणाऱ्याचे नाव आणि साल लिहून ठेवावे, आणि स्वरलेखन शिकलेल्या आपल्याच मुलाकडून त्या कागदावर उतरवून घ्याव्यात. असा मुलगा सापडला नाही, तर एकाला शिकायला पाठवावे. जयंतीच्या डीजेवर होणाऱ्या खर्चातला थोडा वाटा त्याच्या फीला पुरेल.