चंचल चित्त आणि पेढीचा भार

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. बाजारभाव, साठामर्यादा, जी.एस.टी. यांविषयी माझ्यापेक्षा अधिकारी मंडळी लिहितीलच. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला धान्याचा घाऊक व्यापारी. जे घरात अनुभवले तेच लिहितो. आणि ज्याच्याविषयी लिहितो, त्या माझ्या धाकट्या चिरंजीवाची अनुमती घेऊनच लिहितो.

आमच्या भेस्तान-उधना भागात खानदेशातून आलेली कुटुंबे पुष्कळ. त्यांना भाकरीसाठी दादर ज्वारी लागते. ती आणावी, ओल तपासावी, वखारीत थप्पी लावावी, उधारी वसूल करावी व सायंकाळी रोकड मेळ घालावा, असा आमचा धीमा व्यवसाय. या पेढीवर चिरंजीव वाऱ्यासारखा आला. दोन वर्षांत गिऱ्हाईक दुप्पट झाले. मग डाळमिलमध्ये भागी, मग पिठाचे पॅकिंग, मग दोन मालमोटारी. बाजारात त्याच्या धडाडीची वाखाणणी होई आणि बाप म्हणून माझी छाती फुगे.

परंतु वहीत निराळेच दिसू लागले. बिले चढवायची राहत. विवरणपत्रे मुदतीनंतर जाऊन दंड पडे. एकदा तुरीची खरेदी करून ती मागच्या वखारीत तो विसरून गेला; उघडली तेव्हा पोत्यांत सोंडे झाले होते. ही कसर भरून काढण्यासाठी तो रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसे. शेवटी दिवाळीपूर्वी एका सकाळी किल्ली हातात धरून तो दुकानाच्या ओट्यावरच बसून राहिला. म्हणाला, “पप्पा, आत जाववत नाही.” त्यावर मी म्हणालो, “आळस सोड.” त्या दोन शब्दांबद्दल मी पुढच्या संवत्सरीस त्याच्याकडे मिच्छामि दुक्कडम् मागितले; पण शब्द गेला तो गेलाच.

त्याच्या आईच्या आग्रहाने आम्ही मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी लहानपणाविषयी तासभर विचारपूस केली, तेव्हा शाळेत हरवलेली दप्तरे व अर्धवट वह्या आठवल्या. या प्रकृतीस वैद्यकशास्त्रात ए.डी.एच.डी. म्हणतात. हे काही आजचे खूळ नव्हे. १७९८ साली अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्याने अशा चित्ताचे वर्णन केले आहे, आणि १९०२ साली लंडनच्या डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्याने दिली. ही प्रकृती बालपणीच दिसू लागते, बहुधा घराण्यातून येते आणि पुष्कळांच्या बाबतीत मोठेपणीही राहते. नव्या व तातडीच्या कामावर असे मन झेप घेते. रोजच्या एकसुरी कामावर ते ठरत नाही. बुद्धीची किंवा नीतीची उणीव यात नसते.

अतिश्रमाने येणाऱ्या ग्लानीचाही जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या वर्गीकरणात उल्लेख आहे. तिला रोग म्हटलेले नाही. न आवरलेल्या कामाच्या ताणाचा तो परिणाम मानला आहे. शक्ती आटणे, कामाविषयी मन विटणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे, ही तिची तीन लक्षणे. ओट्यावर बसलेल्या माझ्या मुलात ही तिन्ही होती.

माझे मत असे की, चंचल चित्ताचा व्यापारी केवळ कामाने थकत नाही. नवी कामे उघडण्याचा त्याला उल्हास असतो आणि जुनी सांभाळण्याचा भार तो एकट्याने वाहतो. त्या ओढाताणीत तो खचतो. अमेरिकेतील जेटब्लू विमान कंपनीचे संस्थापक डेव्हिड नीलमन आपल्याला ही प्रकृती असल्याचे उघडपणे सांगतात. २००७ साली हिमवादळात कंपनीची व्यवस्था कोलमडल्यावर त्यांचे मुख्य पद गेले. तरी पुढच्याच वर्षी त्यांनी ब्राझीलमध्ये अझुल ही नवी विमान कंपनी काढली. कल्पकता ही अशी असते, आणि तिला व्यवस्थेची जोड नसेल तर धोकाही असा असतो.

आपल्या सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंद यांचे चित्त कसे होते, हे ठरविण्याचा मला अधिकार नाही. पण आगगाडीच्या कंत्राटापासून जहाज, विमान व मोटारीपर्यंत उद्योग करणाऱ्या या पुरुषाने आरंभी लक्ष्मणराव फाटक यांना भागीदार केले, आणि १९१९ साली सिंदिया कंपनी काढताना नरोत्तम मोरारजींसारख्यांची साथ घेतली. मोठ्या धडाडीलाही भरवशाची जोडी लागते.

आमच्या धर्मात यावर जुनीच शिकवण आहे. परिग्रह-परिमाण व्रतात संपत्तीची मर्यादा आणि दिग्व्रतात फिरण्याची मर्यादा श्रावक आपण होऊन घालतो. आम्ही घरी बसून धंद्याचे परिमाण ठरविले. डाळमिलची भागी सोडली, मालमोटारी विकल्या. वही आणि विवरणपत्रे मुनीमजींकडे दिली. खरेदी व गिऱ्हाईक चिरंजीवाकडे ठेवले. नवे काम सुचल्यास ते पाटीवर लिहायचे आणि एक महिना त्याला हात लावायचा नाही. सायंकाळनंतर पेढीचा फोन बंद. चिरंजीव सामायिकास बसतो. पहिल्या दिवसांत अठ्ठेचाळीस मिनिटे त्याला युगासारखी वाटत, म्हणून आम्ही दहा मिनिटांच्या जपापासून आरंभ केला. औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहे. धर्मसाधनेने मनाला आधार मिळतो, तथापि औषधाच्या जागी ती ठेवू नये.

यात तोटा झाला नाही काय? झाला. उलाढाल घटली, आणि बाजारात चार लोक कुजबुजले. पण सायंकाळी मेळ जमतो आणि मुलगा घरी जेवतो.

व्यापारी बंधूंना माझी नम्र विनंती आहे. घरातील एखादा मुलगा धावत असेल, तर त्याच्या धावण्याची नुसती स्तुती करू नका. त्याच्या मागे काय काय अर्धे पडले आहे, तेही पाहा. तो बसला, तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी डॉक्टरांकडे न्या. सोयरीक मोडेल या भीतीने दुखणे झाकू नका. सरकारची टेलिमानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून चालू आहे. आणि आपल्या संस्थेने तरुण सभासदांसाठी वर्षातून एकदा या विषयावर तज्ज्ञांचे व्याख्यान ठेवावे, एवढे सुचवून लेखणी थांबवितो.