लॅपटॉप ‘गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं?

आपल्याकडे काहीही बंद पडलं की ते ‘जातं’. लाइट जाते, नेटवर्क जातं, गाडीची क्लचप्लेट जाते. लॅपटॉप मात्र एकटा जात नाही, आपलं अख्खं ऑफिस सोबत घेऊन जातो. बटण दाबावं आणि काहीच होऊ नये. ना दिवा, ना पंख्याची घरघर. मग आपण काय करतो? तेच बटण वीस वेळा दाबतो. लिफ्टचं दाबतो तसं!

मागच्या महिन्यात लातूरहून मावसबहिणीचा फोन आला. ‘ताई, लॅपटॉप चालूच होईना गेलाय बघ.’ तारीख 18. दर महिन्याला जीएसटी भरणाऱ्यांचं 3बी रिटर्न 20 तारखेला असतं, हे कॉमर्सवाल्यांना सांगायला नको. त्यात बाईसाहेबांनी नोकरी सोडून नुकतंच स्वतःचं काम सुरू केलेलं. गंजगोलाईतले चार दुकानदार हे तिचे पहिले क्लायंट. त्यांची सगळी बिलं, एक्सेल शीट्स त्या बंद डब्यात. उशीर झाला तर लेट फी दुकानदाराला आणि पुढच्या महिन्यात काम दुसऱ्याला!

तिनं तो एका दुकानात दाखवला, तर दोन मिनिटांत निकाल लागला. ‘मदरबोर्ड गेला. ठेवून जा, आठ दिवस लागतील. डेटाचं काही सांगता येत नाही.’ एक स्क्रूसुद्धा न काढता! नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठायचं म्हणजे एसटीत चांगलेच तीन तास. म्हटलं, आधी फोनवरच बघू.

दोस्तहो, याची एक सोपी रीत आहे. भिंतीपासून सुरुवात करायची आणि आत आत जायचं. पहिला प्रश्न, सॉकेटमध्ये करंट आहे का? मोबाइलचा चार्जर लावून बघा. दुसरा, अडॅप्टरवर दिवा असेल तर तो लागतोय का? त्याची वायर घट्ट बसली आहे का? तिसरा, पेनड्राइव्ह, माउस, प्रिंटर सगळं काढा. मग अडॅप्टरही काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण 30 सेकंद दाबून धरा. आत अडकून राहिलेला चार्ज निघून जातो आणि बऱ्याचदा मशीन शुद्धीवर येतं. आता नुसता अडॅप्टर लावून सुरू करा. सुरू झाला, तर संशय बॅटरीवर.

इथं एक फरक लक्षात ठेवा. पंखा फिरतोय, कॅप्स लॉकचा दिवा लागतोय, पण स्क्रीन काळी? मग लॅपटॉप मेलेला नाही, फक्त दिसत नाहीये. एचडीएमआय वायरनं टीव्हीला जोडून बघा. स्क्रीनवर मोबाइलचा टॉर्च मारा. अंधूक चित्र दिसलं तर फक्त मागचा उजेड गेलाय. ठरावीक वेळा बीप वाजत असेल किंवा दिवा लुकलुकत असेल, तर मोजा. तो कोड असतो आणि कंपनीच्या मॅन्युअलमध्ये त्याचा अर्थ सापडतो. बरेचदा रॅम काढून, पुसून परत बसवली की काम भागतं.

बहिणीच्या बाबतीत गाडी दुसऱ्याच प्रश्नावर अडली. अडॅप्टरचा दिवा मेलेला. बॅटरी तर कित्येक महिन्यांपासून नावालाच. शेजारच्या ऑफिसातून त्याच कंपनीचा, तेवढ्याच व्होल्टचा अडॅप्टर आणला आणि विंडोज सुरू! आधी सगळा डेटा पेनड्राइव्हवर घेतला, मग रिटर्न भरलं. मदरबोर्ड ठणठणीत.

अडॅप्टर कशानं गेला? आदल्या दिवशी लाइट गेली आणि आली ती झटका देत. 2005 नंतरची काही वर्षं मराठवाड्यानं तासन् तास भारनियमन काढलं, तरी लाइट गेल्यावर प्लग काढायची सवय आपल्याला काही लागली नाही. लाइट येताना व्होल्टेज उसळी मारू शकतं. तेव्हा प्लग काढा आणि लाइट स्थिर झाल्यावर पाच मिनिटांनी लावा. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

दुसरा शत्रू ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. अशात बंद कारमध्ये लॅपटॉप ठेवला की लिथियम बॅटरीचं आयुष्य झपाट्यानं घटतं. टचपॅड वर आल्यासारखा वाटला, तर बॅटरी फुगली असेल. ती दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका. 2006 साली डेलनं आग लागण्याच्या भीतीनं तब्बल 41 लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या. म्हणजे हे काही आजीचं भूत नाही!

आणि समजा, खरंच मदरबोर्ड गेला, तरी हार्ड डिस्क वेगळी असते. बहुतेक जुन्या लॅपटॉपमधून ती काढून केसिंगमध्ये घातली की दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडते. नव्या पातळ मॉडेल्समध्ये मात्र ती कधी बोर्डलाच चिकटवलेली असते, तर कधी तिला कुलूप असतं. ते बिटलॉकरचं असेल, तर रिकव्हरी की आजच कागदावर लिहून ठेवा.

दुरुस्तीला देताना फक्त एवढंच विचारा, ‘नेमकं काय गेलंय आणि ते कशावरून ठरवलं?’ उत्तर द्यायला जो मशीन उघडून दाखवतो, त्याच्याकडेच लॅपटॉप ठेवा. तोवर या शुक्रवारी ऑफिसमधून निघण्याआधी महत्त्वाचं फोल्डर पेनड्राइव्हवर टाका. दहा मिनिटं लागतील. चहा तोवर होतोच!