इंजिन उघडण्यापूर्वी

पुणे-हैदराबाद महामार्गावर राजेश्वरपाशी गाडी थांबावी, बॉनेटखालून जळक्या ऑइलचा धूर निघावा आणि जमलेल्यांपैकी कोणी मराठीत, कोणी कानडीत, कोणी दखनीत 'इंजिनचे काम निघाले' असा निकाल द्यावा, हे आमच्या वाचकांस नवे नाही. इंजिनचे काम म्हणजे घरखर्चाला भगदाड. त्यास रुकार देण्याआधी इंजिनच्या माथ्यावरील झाकण तेवढे पाहावे.

कारखानदार यास व्हॉल्व्ह कव्हर म्हणतात, आपले मेस्त्री टॅपेट कव्हर. त्याखालची यंत्रणा सदैव ऑइलात न्हात असते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या पद्मिनीचा जमाना होता, तेव्हा झाकणाखाली कॉर्कचे पॅकिंग असे. पुढे रबर आले. तेही उष्णतेने कडक होऊन चिरते.

ऑइल वरून खाली ओघळते. म्हणून जमिनीवरच्या थेंबावरून निदान करू नये. इंजिन थंड झाल्यावर पुसून कोरडे करावे, थोडे चालवावे आणि सर्वांत वरची ओली जागा शोधावी. ती झाकणाच्या कडेला सापडली, तर दोष तेथेच. धुराचेही तसेच. सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल, तर ऑइल इंजिनच्या आत जळत आहे. बॉनेटखालून येत असेल, तर ते बहुधा बाहेर, एक्झॉस्टच्या तापलेल्या भागावर पडत आहे. या दुसऱ्या दुखण्याचा खर्च थोडा, पण आगीचे भय असल्याने तशीच गाडी दामटू नये.

अलीकडील अनेक गाड्यांत झाकण प्लॅस्टिकचे असते आणि इंजिनमधील वायूचे नियमन करणारा रबरी पडदा त्यातच बसविलेला असतो. तो फाटला की उभ्या गाडीत शीळ ऐकू येते, इंजिन अडखळते आणि ते चालू असताना ऑइलचे बूच आतून ओढल्यासारखे घट्ट बसते. तेथे पॅकिंग बदलून भागत नाही. बहुधा झाकणच बदलावे लागते. उलट ब्रीदरची नळी तुंबली असेल, तर आत दाब साचून नव्या पॅकिंगमधूनही ऑइल बाहेर येते. ती आधी साफ करवून घ्यावी.

गळती दिसली की स्क्रू आवळत सुटणे हा आपल्याकडील लाडका उपाय! त्याने पत्र्याचे झाकण वाकते, प्लॅस्टिकचे तडकते. मेस्त्रीच्या हाती पाना देण्यापूर्वी आम्ही तरी आधी चिंधी देतो.