आजीच्या ओव्या आणि माईकचा स्टँड

मे महिन्यात गावी जाणाऱ्यांच्या सामानात अलीकडे एक नवी वस्तू दिसते. लोणच्याच्या बरण्या परतीच्या वाटेवर असतातच, पण जाताना पिशवीत चांगला माईक, छोटा मिक्सर आणि हेडफोन असतात. नातवंडांना आजीच्या ओव्या नोंदवून ठेवायच्या असतात. त्यांच्यासाठीच हा लेख. माईक कुठला घ्यावा हे सांगणारे पुष्कळ आहेत. तो ज्यावर उभा राहतो त्या स्टँडबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

नार्नूरचंच उदाहरण घेऊ. हैदराबादहून निघालं की गुडीहतनूरला महामार्ग सोडून इंद्रवेल्ली, उटनूर करत आपण तिथे पोचतो. पलीकडे चंद्रपूर जिल्ह्याचा राजुरा-जिवतीकडचा मुलूख. 1956 साली भाषावार रचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातला राजुरा तालुका मुंबई राज्यात गेला, किनवटही तिकडे गेलं, आणि नार्नूर इकडे राहिलं. माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात असं कितीतरी बायकांचं झालं. त्यांच्या मराठीत तेलुगू मिसळते, गोंडी मिसळते, शेजारच्या तांड्यावरची बंजारा बोलीही मिसळते. अशी मराठी पुण्यात ऐकायला मिळायची नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांचा आकडा एक लाखाच्या वर आहे. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर त्या वाचायला आणि ऐकायलाही मिळतात. आपल्या सीमेवरच्या घरांतलं काम मात्र घरच्यांनीच करायचं आहे. गावात पिठाची गिरणी आली, तशा ओव्या फक्त सत्तरी ओलांडलेल्या बायकांच्या तोंडी उरल्या. आजीला एकदा लय सापडली की एकामागून एक वीस ओव्या येतात. मधेच माईक धाडकन पडला की ती दचकते, हसते, आणि मग ‘आता नाही आठवत गं बाई’ म्हणते. तेवढ्यावर ती बैठक संपते. माईक डोक्यात पडला तर काय, हे वेगळं सांगायला नको.

आता मूळ मुद्दा. साध्या गायकी माईकचं, म्हणजे शुअर एसएम 58 चं, वजन 300 ग्रॅमच्या आत असतं. तो कसल्याही स्टँडवर उभा राहतो. एसएम 7 बी साधारण 765 ग्रॅमचा. त्यावर शॉक माउंट किंवा पॉप फिल्टर चढवला की सहज किलोभर होतं. शिवाय जात्यापाशी स्टँड जवळ आणता येत नाही. खुंटा फिरतो, बाई पुढे-मागे झुलते, समोर दुसरी बसलेली असते. म्हणून स्टँड बाजूला ठेवून आडवा दांडा लांब काढावा लागतो, आणि तिथेच घोटाळा होतो.

बैलगाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते, हे आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही. इथेही तेच. किलोभर माल दांड्याच्या टोकाला, आणि स्टँड उलाळ.

हिशोब करून बघा. स्टँडचं वजन अडीच किलो, तीन पाय, प्रत्येक पाय मधल्या खांबापासून 30 सेंमी. माईक सगळ्या जोडणीसह 1.1 किलो, खांबापासून 70 सेंमी लांब. (दांड्याचं स्वतःचं वजन सोयीसाठी सोडून देऊ.) माईक दोन पायांच्या मधल्या मोकळ्या जागेच्या वर असेल, तर स्टँड ज्या रेषेवर कलंडतो ती रेषा खांबापासून फक्त 15 सेंमीवर असते. माईकची ओढ 1.1 गुणिले 55, म्हणजे साठच्या वर. स्टँडचा विरोध 2.5 गुणिले 15, म्हणजे साडेसदतीस. पडणारच. आता स्टँड जागच्या जागी फिरवा आणि एक पाय बरोबर माईकच्या दिशेला आणा. ओढ 1.1 गुणिले 40, म्हणजे 44. विरोध 2.5 गुणिले 30, म्हणजे 75. तोच स्टँड, तोच माईक, पैसा खर्च नाही, आणि तो उभा राहतो. या लेखातलं एवढं एकच लक्षात राहिलं तरी मला पुरे: एक पाय माईकखाली.

त्यानंतर वजन. बाजारात वाळूच्या तयार पिशव्या मिळतात, पण गावात काय कमी आहे? जुन्या पँटचा पाय कापून एका बाजूने शिवा, आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरलेली दोन-तीन किलो वाळू सारा आणि दुसरी बाजू घट्ट बांधा. पाय जिथे खांबाला मिळतात तिथे ती खोगिरासारखी बसते. नार्नूरकडच्या एका घरात मी ज्वारीची पिशवी अशी ठेवलेली पाहिली. चालते, फक्त कोंबड्या घराबाहेर पाहिजेत. वापरात नसलेल्या जात्याची तळीही कुणाला सुचेल, पण स्टँडच्या पातळ नळ्यांना ते ओझं सोसणार नाही. शिवाय जात्याला पाय लागला तर नमस्कार करणारी ती बाई. तिला विचारल्याशिवाय हात लावू नका.

स्टँड कलंडणं वेगळं आणि दांडा हळूहळू खाली वाकणं वेगळं. लोक दोन्हींवर एकच उपाय करतात, म्हणजे चावी जीव खाऊन आवळतात, आणि आटे झिजवतात. दांडा वाकत असेल तर त्याच्या मागच्या टोकाला वजन बांधा. ते कमी पडलं तर दांडा आत ओढून लांबी कमी करा. आणखी एक युक्ती: चावीच्या बाजूने पाहिलं असता माईक आपल्या उजव्या हाताला असावा. मग दांडा खाली येऊ लागला की चावी सैल होण्याऐवजी आवळत जाते. खांब मात्र उंच करू नका. आजी जमिनीवर बसणार, तुम्ही सभागृहात नाही आहात.

जमिनीचंही बघायला हवं. शहाबादी फरशी क्वचितच सपाट असते, आणि सारवलेल्या भुईत पाय रुततात. जातं फिरायला लागलं की त्याची घरघर पायांतून वर चढते. स्टँडखाली गादी घालाल तर तो डुलेल. त्यापेक्षा जुन्या रबरी चपलेचे किंवा ट्रॅक्टरच्या ट्यूबचे तीन तुकडे पायांखाली ठेवा. मिक्सरवर 80 हर्ट्झखालचा आवाज कापणारं बटण असतं, ते दाबा. बायकांचा आवाज साधारण 200 हर्ट्झच्या आसपासचा, त्यामुळे ओवीतलं काही जात नाही. जात्याची जी घरघर हवेतून येते ती मात्र राहू द्या. तिच्याशिवाय ओवी पोरकी वाटते, असं माझं मत.

वायर स्टँडच्या पायाशी एक वेढा देऊन मग भिंतीकडेने न्या. कुणी अडखळलं तर झटका खाली बसेल, वरच्या टोकाला नाही. माईक आजीच्या डोक्यावर कधीच नको. हनुवटीच्या पातळीवर, थोडा बाजूला. आणि ती बसण्याआधी सगळं जोडून माईकच्या टोकाला एका बोटाने खाली दाबून पाहा. स्टँड किंचित झुकून परत जागेवर आला तर ठीक, झुकूनच राहिला तर वजन वाढवा. सोबत जमिनीवर एक मोबाईल रेकॉर्डिंगला लावून ठेवा, आणि सुरुवातीला आजीलाच तिचं नाव, माहेर, सासर आणि त्या दिवसाची तारीख सांगायला लावा.

सगळं झाल्यावर, चहा यायच्या गडबडीत, आवरताना क्रम उलटा करू नका. आधी माईक उतरवा, मग दांडा आत घ्या, वाळूची पिशवी सगळ्यात शेवटी.