गप्प बसला म्हणजे चोरच का?

दिवाळीच्या सुट्टीत डोणगावला घरी गेलं की रात्री गच्चीवर आमचा अड्डा जमतोच. मेहकर, अकोला, संभाजीनगर, पुणे, कॉलेजसाठी जिथं जिथं पांगलोय तिथून सगळे येतात. यंदा लाइन गेली, मोबाइलची बॅटरीही संपत आली आणि कुणीतरी म्हणालं, ‘चला, माफिया खेळू.’

आम्ही ९ जण होतो. १ सूत्रधार, ८ खेळाडू. त्यात २ माफिया, १ डॉक्टर, १ डिटेक्टिव्ह, बाकी साधे गावकरी. पहिल्या रात्री एक गावकरी ‘मेला’. डोळे उघडले आणि चौकशी सुरू.

‘तू काहून गप्प आहे बे?’ पहिला प्रश्न माझ्या मावसभावाला. बारावीतलं पोरगं, पहिल्यांदाच खेळत होतं. ‘मले काय माहीत?’ एवढंच म्हणालं. ‘पाहा, हसून राहिला!’ जरा वेळानं, ‘पाहा, आता हसून नाही राहिला!’ दोन मिनिटांत मतदान, मावसभाऊ बाद. चिठ्ठी उघडली तर तो डॉक्टर! पुढं गाव हरलं, हे सांगायला नको. त्याच्याविरुद्ध हात वर करणाऱ्यांत मीही होतो.

आता साधा हिशोब बघा. त्या वेळी ७ जण उरले होते. मी गावकरी, म्हणजे समोरच्या ६ जणांत २ माफिया आणि ४ निर्दोष. डोळे मिटून बोट ठेवलं तरी ३ पैकी २ वेळा ते निर्दोष माणसावरच पडणार. एवढ्या कच्च्या माहितीवर आम्ही छातीठोकपणे म्हणत होतो, ‘हाच आहे!’

लहानपणी आपण सगळेच राजा-राणी-चोर-शिपाई खेळलोय. त्यात शिपायानं चेहरा बघून चोर ओळखायचा, बस्स. चूक झाली तर गुण गेले. माफिया त्याच्या पुढचा खेळ आहे. १९८६ मध्ये मॉस्कोत दिमित्री डेव्हिडॉफ या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यानं तो तयार केला. थोड्यांना सगळं माहीत आणि बहुसंख्यांना काहीच माहीत नाही, ही त्यातली गोम. बहुसंख्यांच्या हातात एकच हत्यार असतं, प्रश्न विचारणं. आणि आपण? प्रश्न विचारायची सोय असूनही चेहराच वाचत बसतो.

कुणी म्हणेल, सुरुवातीला माहितीच नसते, मग चेहरा नाही बघायचा तर काय? मला वाटतं, माहिती नसते म्हणूनच ती तयार करावी लागते. ‘तू माफिया आहे का?’ या प्रश्नाला काही अर्थ नाही, दोघंही ‘नाही’च म्हणणार. ‘तुला कुणावर संशय आहे आणि का?’ हे विचारा. सगळ्यांना विचारा, एकट्या गप्प पोराला नाही. उत्तरं लक्षात ठेवा. पुढच्या फेरीत कोण बदललं, कुणी कुणाला वाचवलं, हे तेव्हा कळतं. पहिल्या फेरीतले प्रश्न चोर पकडायला नसतातच, ते पुढं पकडता यावा म्हणून असतात.

‘खेळच तर आहे, एवढं काय मनावर घ्यायचं?’ घ्यायचं, कारण ही सवय गच्चीवरून खाली उतरते. आमच्या होस्टेलवर एकदा पैसे चोरीला गेले. संशय कुणावर? जो कमी बोलायचा, मेसमध्ये एकटा जेवायचा, त्याच्यावर. पैसे नंतर ज्याचे होते त्याच्याच बॅगेत सापडले. पण त्या पोराची माफी कुणी मागितल्याचं मला आठवत नाही.

आणि याच सवयीचं टोक आपल्या महाराष्ट्रानं पाहिलंय. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा मोबाइलवरून पसरलेली. आठवडी बाजारात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ जणांना जमावानं मारून टाकलं. त्यातले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले होते. सगळे अनोळखी होते, वेगळे दिसत होते. कुठले, कशाला आलात, हे विचारून उत्तर ऐकून घेतलं असतं, तिकडे एक फोन करून खात्री केली असती, तर ते जिवंत राहिले असते. खेळात बाद झालेला पुढच्या डावात परत येतो. राईनपाड्यात पुढचा डाव नव्हता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, संशय घ्या, जरूर घ्या. पण आधी प्रश्न, मग उत्तर, मग मत. हा क्रम गच्चीवर पाळला नाही तर चौकात पाळला जाणार नाही.

दुसऱ्या रात्री पुन्हा डाव मांडला. या वेळी सुरुवात मावसभावानंच केली. माझ्याकडं बघून म्हणाला, ‘दादा, काल तू मले मत देलं, ते काहून?’

माझ्याकडं उत्तर नव्हतं.