सदोष नाण्यांचा खरा आणि खोटा बाजार

पाच किंवा दहा रुपयांचे एखादे जुने नाणे लाखो रुपये मिळवून देईल, अशा जाहिरातींचा समाजमाध्यमांवर सुकाळ आहे. वैष्णोदेवीची प्रतिमा असलेले २०१२ चे नाणे या जाहिरातदारांचे विशेष लाडके. वस्तुतः देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ते रीतसर चलनात आले. त्यात दोष नाही आणि फारशी दुर्मीळताही नाही. विक्रीस तयार झालेल्याकडून आधी ‘नोंदणी शुल्क’, मग ‘कर’ उकळला जातो आणि नाणे त्याच्याच खिशात राहते. अशा व्यवहारांत आपले नाव व बोधचिन्ह वापरले जात असल्याचे आढळल्यावर, आपला त्यांच्याशी संबंध नाही आणि त्यासाठी आपण कोणतेही शुल्क घेत नाही, असा खुलासा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये केला. नाणे पारखावे कसे, हे मात्र अशा खुलाशातून कळत नाही. लोक फसतात ते नेमके तेथेच.

टांकसाळीत धातूची कोरी चकती दोन ठशांमध्ये दाबली जाते. चकती जागेवर नसेल तर छाप एका अंगाला सरकते आणि उरलेला भाग कोरा राहतो. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले तर पुढील चकतीवर त्याची उलटी व खोलगट प्रतिमा उमटते. संग्राहक मोल देतात ते अशा नाण्यांना. छाप बरीच सरकूनही वर्ष वाचता येत असेल तर अधिकच. हल्लीचे भारतीय नाणे डावीकडून उजवीकडे उलटले की मागील बाजू सरळ दिसते. ती तिरपी दिसली तर ठसा फिरलेला होता, असे समजावे. हा दोष बऱ्याचदा आढळतो, त्यामुळे त्याची किंमत बेताचीच असते.

सर्वाधिक गोंधळ टांकसाळीच्या चिन्हाविषयी आहे. वर्षाखाली हिऱ्याचा आकार असेल तर नाणे मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, गोल ठिपका असेल तर नोएडाचे. कोलकात्याच्या नाण्यावर चिन्हच नसते. तरीही ‘चिन्ह राहून गेलेले नाणे’ म्हणून ते खुशाल विकले जाते! दहा रुपयांच्या नाण्यांचेही तसेच. रुपयाचे चिन्ह असलेली आणि नसलेली, दोन्ही नाणी वैध आहेत. जानेवारी २०१८ पर्यंत या नाण्याचे १४ नमुने निघाले होते, हे रिझर्व्ह बँकेनेच स्पष्ट केले होते. नमुना वेगळा असणे म्हणजे चूक नव्हे.

घरी ‘घडवलेले’ दोषही बाजारात येतात. दहा रुपयांच्या नाण्याचा मधला भाग काढून उलटा बसवला जातो. भिंगाखाली सांध्यावर हत्याराचे ओरखडे दिसतात. ठोकलेल्या नाण्यावरील अक्षरे चपटी होतात, टांकसाळीत सरकलेल्या छापेची मात्र बहुधा ठळक राहतात. आम्लात झिजवलेले नाणे वजनात उघडे पडते: दहा रुपयांच्या नाण्याचे वजन प्रमाणित असते आणि सोनाराचा काटा तेवढी पारख सहज करू शकतो.