कागद काढून देणारा माणूस

राजेंद्र गावित यांना पालघरच्या मतदारांनी 2009 साली हाताचं बटण दाबून विधानसभेत पाठवलं. 2014 ला त्याच हातावर ते 515 मतांनी पडले. 2018 च्या लोकसभा पोटनिवडणुकीत कमळावर उभे राहिले आणि खासदार झाले. पुढच्याच वर्षी धनुष्यबाणावर उभे राहिले, तेव्हा 88 हजारांहून अधिक मताधिक्य मिळालं. 2024 च्या मे महिन्यात त्यांना लोकसभेचं तिकीट मिळालं नाही, ते भाजपमध्ये परतले आणि नोव्हेंबरात पुन्हा धनुष्यबाण घेऊन पालघरचे आमदार झाले. शेजारच्या बोईसरात विलास तरे यांची गोष्ट अशीच. 2009 आणि 2014 ला बहुजन विकास आघाडीकडून आमदार, 2019 ला शिवसेनेच्या तिकिटावर पराभूत, 2024 ला शिवसेनेच्याच तिकिटावर विजयी.

हा हिशेब मुंबईत कुणाला सांगितला की ठरलेलं वाक्य ऐकू येतं : तुमच्याकडच्या लोकांना पक्षाचं काही पडलेलं नाही, आदल्या रात्री पाकीट पोचलं की झालं. मला हे ऐकून संताप येतो. पाकिटं वाटली जात नाहीत असं मी म्हणणार नाही. पण पाकीट घेणारा माणूस पाकीट देणाऱ्यालाच मत देतो हे कुणी पाहिलंय? तीन पक्षांकडून घेऊन चौथ्याला मत देणारी घरं प्रत्येक गावात आहेत. आपल्याकडचा माणूस मत ठरवताना पुष्कळ विचार करतो. फक्त त्याचा विचार जाहीरनाम्यापासून सुरू होत नाही.

तो कुठून सुरू होतो ते पाहायचं असेल तर कोळगावला जिल्हा मुख्यालयात किंवा कुठल्याही तहसील कचेरीत सकाळी जाऊन बसावं. गेल्या उन्हाळ्यात एक वारली गृहस्थ तिथे बाकावर भेटले. मुलगी बारावी झालेली, नर्सिंगला जायचं म्हणून जात पडताळणी हवी. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात रेशन कार्ड, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला, आधारच्या झेरॉक्स. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा मागतात. यांचे आजोबा शाळेची पायरी चढले नव्हते, तर त्यांचा दाखला आणणार कुठून? गावातल्या एका कार्यकर्त्याने सांगितलं की कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना 14 मध्ये, जन्म-मृत्यूची जुनी नोंद सापडू शकते. तो स्वतः दोनदा यांच्याबरोबर आला, अभिलेख कक्षात अर्ज टाकला, नक्कल निघाली. आजोबांच्या नावापुढे जात लिहिलेली होती. मी विचारलं, मत कुणाला देता? ते म्हणाले, "ज्याने कागद काढून दिला, त्याला नाही म्हणवत नाही, भाऊ."

तो कार्यकर्ता त्या वेळी ज्या नेत्याबरोबर असेल, त्या नेत्याला हे घर मत देणार. नेता पक्ष बदलेल, चिन्ह बदलेल, कार्यकर्ता मात्र गावातच राहतो. जातीचा दाखला, वनपट्टा, घरकुल, निराधार योजनेचे पैसे, दवाखान्यात खाट, कंपनीच्या गेटवर कंत्राटी कामासाठी चिठ्ठी, ही सगळी कामं त्याच्याच हातून होतात. ती व्हायला माणसाची गरज पडते हा सरकारी यंत्रणेचा दोष आहे. मतदाराने त्यातून आपला मार्ग काढला, त्याला विकाऊ म्हणू नये.

हे काही आपल्याच जिल्ह्याचं वैशिष्ट्य नाही. 1940 साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एरी काउंटीत पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुझवेल्ट-विल्की यांच्या अध्यक्षपदाच्या लढतीच्या वेळी त्याच त्या मतदारांना महिन्यामागून महिना भेटून विचारलं, तुमचं मत कसं ठरतं? रेडिओ आणि वर्तमानपत्रांचा प्रभाव दिसेल अशी अपेक्षा होती. दिसलं ते असं की लोक आपल्या घरच्यांचं, कामावरच्या सोबत्यांचं, ओळखीतल्या जाणत्या माणसाचं ऐकतात.

डहाणू-तलासरीत हेच नातं जास्त खोल गेलंय. 1945 मध्ये गोदावरी परुळेकर आणि किसान सभेने वेठबिगारीविरुद्ध वारल्यांना उभं केलं. त्या लढ्यातल्या माणसांची नातवंडं-पतवंडं आज लाल बावट्याला मत देतात. 2024 च्या विधानसभेत राज्यात मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा एकच आमदार निवडून आला, तो डहाणूचे विनोद निकोले. तिथेही पक्ष म्हणजे आधी दारात येणारा माणूस, वनहक्काचा दावा भरून देणारा, मोर्चाला बरोबर चालणारा. म्हणून पक्षनिष्ठा आणि ओळखीचं मत या दोन वेगळ्या जाती आहेत असं मला वाटत नाही.

नुसत्या भावनेवर इथे मत पडतं, हाही गैरसमज आहे. खासदार चिंतामण वनगा 30 जानेवारी 2018 ला गेले. साधा, लोकांत राहणारा माणूस, सगळ्या पक्षांतून हळहळ झाली. त्यांचे पुत्र श्रीनिवास शिवसेनेकडून उभे राहिले, तेव्हा सहानुभूतीची लाट येणार असं सगळे लिहीत होते. त्यांना मतंही भरघोस पडली, तरी गावित 29 हजारांच्या वर मतांनी पुढे राहिले. पुढे 2019 ला श्रीनिवास पालघरचे आमदार झाले आणि 2024 ला त्यांचं तिकीट कापून त्याच गावितांना दिलं गेलं. आणि तरे 2019 ला ज्या धनुष्यबाणावर पडले, त्याच धनुष्यबाणावर 2024 ला निवडून आले. 2019 ला युतीत बंडखोरी झाली होती, ती पुढच्या वेळी नव्हती. कुठल्याही एका कारणावर निकालाचं खापर फोडता येत नाही ते यामुळे.

आता मला जे खरोखर खुपतं ते लिहितो. कागद काढून देणाऱ्या माणसाला मत, हे माप घरच्या कामांसाठी बरोबर चालतं. तारापूरच्या हवेला ते माप लावता येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या मूल्यांकनात तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात सर्वांत प्रदूषित ठरलं, निर्देशांक 93.69. रात्री पाळी सुटल्यावर बोईसर स्टेशनपर्यंत चालत येणाऱ्या कामगाराला तो आकडा सांगावा लागत नाही, त्याचा घसा सांगतो. पण त्या कामगारांतल्या कितीतरी जणांचं मत उत्तर प्रदेशात, बिहारमध्ये, ओडिशात आहे. ते इथे श्वास घेतात आणि तिथे मत देतात. आणि ज्याचं मत इथे आहे, त्याच्या मुलाला गेटच्या आत लावून देणारा माणूसच उमेदवाराचा कार्यकर्ता असतो. मग धुराचं कोण बोलणार?

नवापूरच्या किनाऱ्यावर कारखान्यांचं सांडपाणी समुद्रात जातं. मासळी विकायला बसलेल्या एका मावशीला मी हाच प्रश्न केला, मत कुणाला? ती म्हणाली, "पापलेट कुठे गेलं ते विचारायला कुणी येतच नाय, मग मी बी कुनाला काय विचारू?" सूर्या प्रकल्पाचं पाणी शेतीसाठी म्हणून धामणीला अडवलं गेलं, आज त्याच पाण्यावर वसई-विरार आणि मिरा-भाईंदरसाठी दिवसाला 403 दशलक्ष लिटरची योजना आहे. वाढवण बंदराला 19 जून 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, 30 ऑगस्टला पालघरमध्ये भूमिपूजन झालं. खर्च 76 हजार कोटींच्या पुढे. त्या वर्षी एक निवडणूक मंजुरीच्या आधी झाली, दुसरी भूमिपूजनानंतर. दोन्हींत बंदराला पाठिंबा देणारी आघाडी लोकसभेच्या या जागेवर आणि पालघर, बोईसरच्या विधानसभेवर निवडून आली. बंदराला असलेला मच्छीमारांचा विरोध खोटा होता असा याचा अर्थ मी काढत नाही. सहा विधानसभा मिळून बनलेल्या मतदारसंघात नालासोपारा-वसईच्या इमारतींपुढे किनाऱ्यावरची गावं आकड्यांत थोडी पडतात. शिवाय त्या गावांतही निराधार योजनेचा अर्ज भरून देणारा माणूस असतोच.

2019 च्या लोकसभेत पालघरमध्ये 29 हजारांहून अधिक लोकांनी 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण दाबलं. राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघात एवढा 'नोटा' पडला नव्हता. काही म्हणतात, शेवटचं बटण चुकून दाबलं जातं. काहींचं चुकून झालं असेलही. पण एवढ्या माणसांना अडाणी ठरवायला माझं मन धजत नाही. ज्यांचा कागद कुणीच काढून दिला नाही, किंवा ज्यांची तक्रार कुणा कार्यकर्त्याच्या आवाक्यातली नाही, तेही त्यांत असणार.

यावर मला एकच गोष्ट सुचते आणि ती अवघड नाही. मत मागायला तोच ओळखीचा कार्यकर्ता येईल, येऊ दे, त्याचे उपकार मानू. चहा झाला की त्याला आपल्या दाखल्याबद्दल विचारण्याआधी विचारावं : नवापूरच्या पाइपातून काय जातं हे तुझ्या साहेबांनी विधानसभेत कधी विचारलं? सूर्याच्या कालव्याचं पाणी आमच्या शेताला किती मिळणार? ग्रामसभेचा बंदराविरुद्धचा ठराव त्यांनी वाचला का? त्याला उत्तर येणार नाही. तो साहेबांना फोन लावेल. प्रत्येक पाड्यातून, प्रत्येक चाळीतून तोच फोन गेला, तर साहेबांना तयारी करून यावं लागेल. आपल्या पेसा गावांत ग्रामसभेला कायद्याने दिलेले अधिकार आहेत. उमेदवाराला तिथे बोलवावं, खुर्चीवर बसवावं, आणि हे तीन प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यावेत, त्याच्या सहीनिशी.